तुपाचे हात

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, शपथेवर सांगतो. माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे मी तिथे नव्हतो. पण जो होता, त्याच्या मेहुण्याने मला सांगितली, आणि तो मेहुणा सहसा आठवड्यातून दोनदाच खोटं बोलतो. तो वार त्यातला नव्हता.

तर एकदा एक वृद्ध पंडित होते. हस्तलिखित पोथ्या वाचण्यात त्यांचं आयुष्य सरलं होतं. त्यांची एक शिष्या होती. बारावी झाली, आणि प्राचीन भाषा नि प्राचीन इतिहास हेच विषय घेऊन पदवी करायची असं तिने ठरवलं. घरी आठ दिवस चूल पेटली नाही. (पेटली, पण कोणी कोणाशी बोललं नाही.) अखेर वडील म्हणाले, "जा. पण विद्यापीठ एकदाच निवडायचं. मग हे नको, ते हवं म्हणालीस, तर मुकाट परत यायचं आणि मी सांगेन ते शिकायचं."

तीन विद्यापीठांनी तिला प्रवेश देऊ केला होता. होकार कळवायला उरले होते पाच दिवस. ती तिन्ही माहितीपत्रकं घेऊन पंडितांकडे आली.

"गुरुजी, कुठे जाऊ?"

पंडितांनी पत्रकांकडे पाहिलंसुद्धा नाही. आत गेले आणि एक डबा घेऊन आले. डब्यात बेसनाचे तीन लाडू. पंडित लाडू स्वतः वळत, आणि त्यांचा हात तुपाच्या बाबतीत फार उदार होता.

"तिन्हीकडे जाऊन ये. प्रत्येक ठिकाणी फाटकाशी एक लाडू खा. हात धुवायचे नाहीत, पुसायचे नाहीत. तसंच आत जा आणि त्यांची सर्वांत जुनी पोथी बघायला माग."

"तुपकट हातांनी? गुरुजी, तुम्हीच तर..."

"ऐक पुढे. पोथी समोर आली, तर तिला बोट लावायचं नाही. लांबून नमस्कार करायचा आणि निघून यायचं. बोट लावलंस, तर माझ्या घरची पायरी चढू नकोस."

शिष्या गोंधळली, पण गुरुजींचं ऐकायची सवय होती.

पहिलं विद्यापीठ भव्य. काचेची इमारत, वसतिगृहात चोवीस तास गरम पाणी. तिने फाटकाशी लाडू खाल्ला. तुपाने बसचं तिकीट असं पारदर्शक झालं, की त्यातून पलीकडचा पहारेकरी स्पष्ट दिसत होता. आत एका हसतमुख तरुणाने तिला खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि दोन मिनिटांत पोथी पुढ्यात ठेवली. "घ्या ना ताई, उघडा. फोटो काढू का तुमचा पोथीबरोबर?" तिने हात पाठीमागे बांधले, नमस्कार पुटपुटली आणि बाहेर आली. आली ती मनाशी ठरवूनच: हेच ते. इथले लोक किती चांगले!

दुसऱ्या ठिकाणी एक फार मोठे विद्वान होते. ते तासभर स्वतःच्या ग्रंथांविषयी बोलले आणि बोलता बोलता पोथी कोपराने तिच्याकडे सरकवली. "नुसती बघतेस काय? उलगड!"

तिसरं विद्यापीठ लहानसं. पोथीशाळा पत्र्याच्या छपराची, दारापाशी पाण्याचा नळ. शिष्या उंबरठा ओलांडणार, तोच कोणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं. निळ्या साडीतल्या एक बाई होत्या, पोथीशाळेतल्या मदतनीस.

"हात दाखव. लाडू?"

"हो."

"घरच्या तुपातला?"

"हो, पण..."

"वास झकास आहे. झुरळांनाही आवडेल. चल नळावर!"

बाईंनी तिला दोनदा साबण लावायला लावला. नखं तपासली. पंच्याने हात पुसले, वर उन्हात धरायला सांगितले, मग चक्क नाकाशी नेऊन हुंगले. "अजून आहे. पुन्हा." चार मुलं बघत होती. शिष्येच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागून कोणी खाकरलं. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ दोन्ही ओले हात पुढे करून मुकाट रांगेत उभे होते.

"ते कोण?" तिने हळूच विचारलं.

"विभागप्रमुख," बाई म्हणाल्या. "त्यांना भजी आवडतात."

मग बाईंनी तिला आत नेलं, चटईवर बसवलं, पोथीचं लाल वस्त्र सोडलं आणि शेजारी बसून राहिल्या. शिष्येने गुरुजींची आज्ञा पाळली. लांबून नमस्कार केला आणि उठली.

घरी न जाता ती तडक पंडितांकडे आली. "गुरुजी, तिसरं सोडून बोला! मदतनीस बाई चारचौघांत अपमान करतात. पहिलं किती छान होतं..."

तिचं सगळं ऐकल्यावर पंडितांनी कपाटातून एक छायाचित्र काढलं. पोथीच्या पानाचं. अक्षरांच्या ओळी मोत्यांसारख्या, आणि मधोमध अंगठ्याएवढा काळपट डाग.

"हा अंगठा माझा," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांचा होतो, चिवडा खाऊन आलो होतो. मोठी संस्था, भली माणसं. कोणी माझ्या हातांकडे पाहिलं नाही. तेलावर धूळ बसली, पुढे कसर लागली, पाच अक्षरं गेली. त्या ग्रंथाची दुसरी प्रत जगात नाही. साठ वर्षं ती पाच अक्षरं शोधतो आहे, बाळ."

शिष्येने स्वतःचा अंगठा निरखून पाहिला.

"आपण विद्यापीठ बघायला जातो, विद्यापीठ आपल्याकडे बघतं का, ते बघायचं राहून जातं. जिथे तुझे हात पाहतात, तिथे तुझी चूकही वेळेवर पाहतील. आणि अपमान कसला? त्या बाईंनी तुला हाकललं नाही. धुऊन आत घेतलं."

त्याच संध्याकाळी तिसऱ्या विद्यापीठाला होकार गेला. पहिल्या दिवशी ती वर्गात जाण्याआधी पोथीशाळेत गेली, डबाभर लाडू पुढे केले आणि बाईंच्या पाया पडली. बाईंचं नाव द्वारकाबाई होतं, हे तिला तेव्हा कळलं. द्वारकाबाईंनी डबा घेतला आणि म्हणाल्या, "आधी हात."

आता कबुली. तिकिटातून पहारेकरी दिसला नव्हता, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण मी खरोखर रचला तो भाग शेवटचा, डबा देऊन पाया पडण्याचा. शिष्या त्या दिवशी घाईत थेट वर्गात गेली. पुढे पाच वर्षं त्या नळावर हात धुतले, पुष्कळ शिकली, मोठी झाली. लाडवांचा डबा मात्र उद्यावर राहिला, आणि एके दिवशी दारात दुसऱ्याच बाई होत्या. म्हणून निदान गोष्टीत तरी तो मी पोचवला.

तुमचं मनगट कोणी धरलं असेल, तर तुम्ही आजच जा.