दोन घरं एका दरबारात

नव्या घराची किल्ली हातात पडली आणि भामा तांबटीण दारातच थबकली. हे घर तिनं घेतलेलंच नव्हतं!

म्हणजे जागा तीच होती, दारही तेच होतं. पण भिंती? घर घेताना तिला दाखवलं होतं ते पेठेच्या वेशीवरचं नमुन्याचं घर. त्याच्या बाहेरच्या भिंतींना घोटलेल्या चुन्याचा गिलावा होता, इतका गुळगुळीत की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. "पेठेतली सगळी घरं बाहेरून अशीच!" असं बांधकामाचे कारभारी गुंडोपंत छातीवर हात ठेवून म्हणाले होते. आणि ही भिंत पिवळट, खरबरीत. पुढून एक रंग, बाजूला दुसरा, आणि मागे तर रंग पोचलाच नव्हता.

"चल, आत तरी जाऊ," तिचा नवरा बारकू म्हणाला.

"तुम्ही जा. मी पंतांना विचारून येते, हे घर कुणाचं ते!"

गुंडोपंत पान लावत बसले होते. भामाची तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"बाई, हा सगळा उन्हाचा खेळ. वेशीवर सकाळचं ऊन पडतं, तुमच्या गल्लीत दुपारचं. म्हणून रंग वेगळा दिसतो."

"आणि मागची भिंत?"

"तिथे ऊन पडतच नाही!"

"पण हात लावला तर खरखरीत लागतं, पंत."

"नवं घर आहे. वारा लागला की होईल गुळगुळीत."

शेजारपाजारच्या सगळ्यांना हेच उत्तर मिळालं होतं, आणि ते ऐकून सगळे घरी परतले होते. भामा मात्र थेट दरबारात गेली.

ही पेठ राजे भुजंगरावांनी वसवलेली. तिचा त्यांना भारी अभिमान! पाहणीसाठी ते अधूनमधून येत. पालखी नमुन्याच्या घरापाशी थांबे, पंत वाळ्याचं सरबत देत, राजे "वा!" म्हणत, आणि पालखी माघारी वळे.

"माझ्या पेठेला नावं ठेवतेस?" राजे गरजले.

"नाव तर आपणच ठेवलंय महाराज, भुजंगपेठ! मी फक्त रंगाबद्दल बोलतेय."

दरबारात कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. राजांचा पारा आणखी चढला.

"एक घर पेठेच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. इकडून तिकडे जाईपर्यंत माणूस बघितलेलं विसरतो. उद्या दोन्ही घरं शेजारी शेजारी माझ्यासमोर आण. इथे, दरबारात! आणि भिंतीचा कणसुद्धा खरवडायचा नाही. आणलीस तर तुझं खरं. नाही आणलीस, तर घर सोडायचं आणि नगरीही!"

"न्याय असावा तर असा!" भामाच्या मागोमाग दरबारात पोचलेले पंत घाईघाईनं म्हणाले.

भामानं हात जोडले. "महाराज, उद्या पंतांना माझ्याबरोबर द्या. नाहीतर मागाहून म्हणतील, बाईनं भिंत खरवडली."

"दिले!"

घरी बारकूनं ऐकलं आणि तो गुपचूप भांडी पोत्यात भरायला लागला.

सकाळी पंत नवा काळाभोर अंगरखा घालून आले. विजयाचा दिवस होता ना! दोघं आधी नमुन्याच्या घराशी गेले.

"पंत," भामा म्हणाली, "लोक काय वाटेल ते बोलतात. म्हणे या भिंती नुसत्या दिखाऊ. माणूस टेकला तरी कोसळतील."

"कोण म्हणतं?" पंतांनी डावा खांदा भिंतीला लावला आणि रेटून दाखवलं. "हलली?"

"नाही बुवा! पण माझ्या घराची नक्की हलेल."

पंत ताडताड चालत भामाच्या घरी पोचले. या वेळी त्यांनी उजवा खांदा लावला, पाय रोवले आणि असा जोर केला, असा जोर केला, की पाठीची उजवी बाजू कमरेपर्यंत भिंतीवर घासली गेली.

"आता बोल!"

"तसूभर हलली नाही! चुकलंच माझं. चला, दरबारात जाऊ."

वाटेत लोक पंतांकडे वळून वळून बघत होते, गालात हसत होते. पंतांना वाटलं, काय हा मान! त्यांची मान आणखी ताठ झाली.

भामाला रिकाम्या हातानं आलेली बघून राजे म्हणाले, "घरं कुठे आहेत?"

"आणली ना, महाराज. पंतांनीच वाहून आणली."

"मी?" पंत ओरडले.

"जरा पाठ फिरवा, पंत."

पंत वळले आणि दरबारभर खसखस पिकली. काळा अंगरखा डावीकडे लख्ख. उजवीकडे खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळी माती!

"डावीकडे नमुन्याचं घर, उजवीकडे माझं," भामा म्हणाली. "शेजारी शेजारी!"

"रस्त्यावरची धूळ आहे ही!"

"मग ती एकाच खांद्यावर कशी बसली, पंत? दुसऱ्याशी काही वैर होतं?"

राजांनी भुवया चढवल्या. "कण खरवडायचा नाही, असं मी बजावलं होतं!"

"मी बोटसुद्धा लावलं नाही, महाराज. कणच आपण होऊन पंतांच्या गळ्यात पडले!"

राजांनी मिशी दाबून हसू आवरायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडला, "पंत, पेठेतल्या प्रत्येक घराला घोटलेला चुना लावायचा, चारी बाजूंनी आणि स्वतःच्या पदरचा! आणि भामा, तुझ्या घराच्या बदल्यात नमुन्याचं घर आजपासून तुझं!"

तेवढ्यात प्रधान पुढे झाले. "पण महाराज, नमुन्याचं घर हिला दिल्यावर नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायचं काय?"

भामानं क्षणही दवडला नाही.

"पंतांचा अंगरखा आहे की!"

राजे असे हसले, असे हसले, की मुंडासं सुटून मांडीवर आलं. त्यांनी गळ्यातला कंठा काढून भामाच्या हातावर ठेवला, आणि पंतांना अंगरखा तिथल्या तिथे उतरवायला लावला.