बारशाला निघालेली आत्या

चंद्र-सूर्य हेच होते, पण त्यांना पाहणारी माणसे निराळी होती, अशा फार जुन्या काळची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात एक बाई राहत असे. पलीकडच्या बेटावर तिच्या भावजयीला दिवस गेले होते. बाळाच्या कानात नाव सांगावे ते आत्यानेच, असा त्या देशाचा रिवाज होता. आणि बाळाला आत्या ही एकच.

अडचण अशी, की बैलगाडी वळली तरी हिच्या पोटात ढवळू लागे. होडीचे तर नावच नको! नुसता झोपाळा हलला, तरी ती कडी घट्ट धरी.

भावाचा निरोप आला, “ताई, तू आली नाहीस, तर पोर बिननावाचे राहील.”

आत्याने पदर खोचला. ती रोज झोपाळ्यावर बसू लागली. आधी हळू, मग उंच. लवकरच ती झोक्यावर ओव्या गाऊ लागली. “आता कसली भीती?” असे म्हणून ती बेटाकडे निघालेल्या होडीत चढली, आणि होडी काठापासून जरा दूर जाताच उलट्यांनी बेजार होऊन परतली.

काठावरची म्हातारी बदकीण खदखदून हसली. “झोपाळा जिंकलास, म्हणून लाट तुला मुजरा करील होय? अगं, आमची पिल्लेसुद्धा आधी उथळ पाण्यात डुलतात!”

“मग मी काय करू, आजीबाई?”

“बांधलेल्या होडीत बस. नजर दूरच्या डोंगरावर ठेव. पोट कुरकुरण्याआधी उतर, आणि उद्या पुन्हा ये.”

आत्या बांधलेल्या होडीत बसली, मग काठाकाठाने फिरली, मग खाडीच्या मध्यापर्यंत जाऊन आली. एखादा दिवस वाईट जाई. तेव्हा ती पुन्हा काठाजवळच राही, पण घरी बसत नसे.

बारशाच्या सकाळी ती बेटावर उतरली, तो काय! भावाने कौतुकाने तिला घरी न्यायला हत्ती उभा केला होता.

आत्या हसली. “याची-माझी आजच ओळख झाली आहे. थोडी बसते, उरलेली वाट चालेन.”

पाळणा सजला होता. आत्याने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपके घातले.

“हळू! ताईच्या पोटात ढवळेल!” भाऊ ओरडला.

“घाला गं, घाला!” आत्या म्हणाली. “लाटांनी याहून जोरात घातले आहेत!”

तात्पर्य : एका वाटेवरची सवय दुसऱ्या वाटेवर पुरतेच असे नाही, थोड्यापासून आरंभ करण्याची रीत मात्र सर्व वाटांवर पुरते.