ठमाईच्या धारेवरचा हात

तो खाली दिसतो ना, कारवीच्या वर उघडा पडलेला काळा खडक, त्याला पाऊणकडा म्हणतात. ठमाईची धार चढताना पाऊण वाट सरली की तो आडवा येतो. दोन पुरुष उंच, मधे पाय ठेवायला एक बोटभर खोबण, आणि वरच्या काठावर धरायला काही म्हणजे काही नाही. आज सकाळी माझ्या खांद्यावर पाय देऊन तुम्ही सहा जण त्यावर चढलात. मग इथे माचीवर येऊन बसलात, डबे उघडलेत, आणि मी दोन तासांनी पोचलो तेव्हा विचारलंत, "काका, एवढा उशीर कसा?" सांगतो. पाणी द्या जरा आधी.

आणखी एक तुम्ही वाटेत चारदा विचारलंत. एवढी चालती धार, मग वाट अशी मोडकी का? घसाऱ्यावर पायऱ्या का नाहीत, दोर का नाही, झाडी कुणी का तोडत नाही? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. माझं नाव लहानू गाठकरी. हे आडनाव घेऊन मला हे सांगताना लाज वाटते, पण आमच्या घरात ही गोष्ट लपवायची नाही अशी ताकीद आहे.

पूर्वी ही धार अशी नव्हती म्हणे. डोक्यावर हंडा घेऊन बाई चढेल अशी वाट होती. खाली करंबळी, वर आमची माचीवाडी, आणि दर दसऱ्याला दोन्ही गावं मिळून वाट बांधायची. पावसाने नेलेली माती भरायची, दगड बसवायचे, आणि पाऊणकड्याला नवी शिडी लावायची. शिडीचं लाकूड करंबळीचं. तिचे दोर वळायची ठमाई, करंबळीचीच. पळसाच्या मुळ्या ठेचून ती असा दोर वळायची की चार पावसाळे त्याला काही होत नसे, असं सांगतात.

शिडीला गाठी दोन. वरची गाठ कड्यावरच्या खुंटाला, ती बांधायचा आणि सोडायचा मान आमच्या घराकडे, म्हणून आम्ही गाठकरी. खालची गाठ कड्याच्या बुंध्याला, ती ठमाईकडे. दोन्ही गाठी सुटल्याशिवाय शिडी हलायची नाही. वरच्यांनी खालच्यांना तोडू नये आणि खालच्यांनी वरच्यांना फसवू नये, यासाठी जुन्या लोकांनी तसं ठरवलं होतं. मोठी अक्कल होती त्यांना. ती अक्कल एका दिवसात वाया घालवली आमच्या चाहूने.

हा चाहू आमच्या घरातला. त्याची आई त्याच्या बाळंतपणातच गेली. वर माचीवर तेव्हा दुसरी कुणी ओली बाळंतीण नव्हती. म्हणून बापाने तान्ह्या पोराला टोपलीत घालून धारेने खाली नेलं. ठमाईच्या घरी तेव्हा गंगी जन्मली होती. तिने एकीकडे गंगीला घेतलं, दुसरीकडे चाहूला, आणि दोघांना अंगावर पाजलं. दोन वर्षं तो तिथे वाढला. पुढे वर आला, मोठा झाला, वरच्या गाठीचा मानकरी झाला, तरी ठमाईला आईच म्हणायचा. दसऱ्याला वरची गाठ त्याने आणि खालची तिने बांधली की दोन्ही गावांना वाटायचं, आता ही वाट कधी तुटायची नाही.

आणि मग एका वर्षी खाडीकडून लुटारू आले.

ठरलेलं होतं की असं काही झालं तर करंबळीने सगळं सोडून वर यायचं, आणि शेवटचं माणूस चढलं की शिडी ओढून घ्यायची. त्याप्रमाणे अख्खं गाव धारेला लागलं. चाहू वर खुंटापाशी उभा राहून एकेकाला हात देत होता. ठमाई खाली शिडी धरून होती. माणसं वर आली की माचीच्या आत, रानात लपायला जात होती. गंगीचा नवरा बुधा आपल्या म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन चढला. गंगीला आठवा महिना होता, ती धारेवर मागे राहिली होती. बुधाने विचारलं, मी परत जाऊ का. ठमाईने सांगितलं, तू बापाला ने. गंगीला मी आणते, आणि वर चाहू आहे.

सगळे गेले. उरल्या मायलेकी दोघीच. ठमाई कड्याखालून धार उतरायला निघणार, तेवढ्यात वरून चाहू बोलला, "आई, खालची गाठ सोडून जा. तू गंगीला घेऊन येशील तेव्हा घाई होईल. तुम्ही चढलात की मला लगेच ओढता येईल."

तिने सोडली. का नाही सोडणार? जन्मात पहिल्यांदा तिने शिडी उभी असताना खालची गाठ सोडली, ती पोराच्या शब्दावर. आणि गंगीला आणायला गेली.

त्याच्या मनात तेव्हाच ते होतं की तिची पाठ वळल्यावर आलं, हे कुणाला ठाऊक नाही. माझे आजोबा म्हणायचे, नंतर आलं. माझी आजी म्हणायची, आधीच होतं. त्यावरून दोघं म्हातारपणीही भांडायचे.

ठमाई गंगीला धरून कड्याखाली आली तेव्हा शिडी वर होती.

तिला आधी कळलंच नाही म्हणे. तिला वाटलं, शिडी कलंडली असेल. तिने हाक मारली. चाहू काठाशी आला. हातात दोर होता, तिनेच वळलेला.

"चाहू, शिडी सोड."

"आई, ते आले."

तिने मागे वळून पाहिलं. लुटारू अजून पायथ्याच्या उंबरापाशी होते. धार चढायला त्यांना अर्धा प्रहर तरी लागला असता. तिने तसं सांगितलं. गंगी खडकाला टेकून उभी राहिली. चाहूने शिडी सोडली नाही. भ्याला होता. जीव वाचला की माणूस कधीकधी असा भितो की वाचलेला जीव त्याला कुणाला दाखवावासाही वाटत नाही.

ठमाईने शिव्या दिल्या नाहीत, छाती पिटली नाही. एवढंच म्हणाली, "गाठ मी तुझ्या शब्दावर सोडली. आता या धारेवर कुणाची गाठ बसणार नाही."

हे ऐकायला त्या तिघांखेरीज तिथे कुणी नव्हतं. मग आपल्यापर्यंत कसं आलं? चाहूनेच सांगितलं. त्याला लपवता आलं असतं. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं तेवढं एकच आहे, म्हणून मी ते सांगतो.

लुटारू कड्यापर्यंत आले, शिडी नाही पाहून परत गेले. संध्याकाळी माणसं जमली, शिडी खाली सोडली. खाली कुणीच नव्हतं. खालच्या गाठीचा दोर तेवढा बुंध्याशी नीट गुंडाळून ठेवलेला होता, कामावरून उठताना बाई ठेवते तसा. माचीवाडीत म्हणतात, लुटारूंच्या हाती लागू नये म्हणून दोघींनी डावीकडच्या दरीत उडी घेतली. करंबळीत म्हणतात, धारेने त्यांना पोटात घेतलं. करंबळीच्या लोकांसमोर आम्ही आमचं म्हणणं बोलत नाही.

सकाळी शिडी पुन्हा बांधायला घेतली तर गाठ बसेना. आवळली की सैल, आवळली की सैल. दोर नवा आणला, तोच प्रकार. शेवटी शिडीच निखळून पडली. करंबळीने त्या दिवसापासून या वाटेला हात लावला नाही. आम्हाला लावायचा हक्क उरला नाही. मधे कुणी हौशी मंडळी आली होती, लोखंडी साखळी ठोकून गेली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर साखळी खाली पडलेली. गंज म्हणा हवं तर, मी वाद घालणार नाही.

तर शिडी गेली, आणि करंबळीच्या लोकांना घरी उतरायचं होतं. तेव्हा चाहू आधी कड्याखाली उतरला आणि खांदा देऊन उभा राहिला. अख्खं गाव त्याच्या खांद्यावर पाय देऊन उतरलं. कुणी त्याच्याशी बोललं नाही. सगळे गेल्यावर तो तिथेच बसला. माचीवाडीची माणसं वरून हात द्यायला आली, तर त्याने नको म्हणून मान हलवली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बुधा आला. बायकोला शोधत तो धार पालथी घालत होता. चाहू उठून उभा राहिला. बुधाने त्याच्या खांद्यावर पाय दिला, वर चढला आणि चालू लागला. चार पावलं गेला, थांबला. मग मागे आला, काठावर पालथा पडला आणि हात खाली सोडला. चाहूला वर घेतलं. एक शब्द बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे जन्मभर नाही.

तेव्हापासूनची आमच्या घराची रीत आहे. पाऊणकड्यावर गाठकऱ्याने सगळ्यांना खांदा द्यायचा, आपण शेवटी राहायचं, आणि हात मागायचा नाही. दिला तर वर यायचं. नाही दिला तर बसायचं.

म्हणून ही गोष्ट मी कड्याखाली सांगत नाही. खाली सांगितली तर ते मागणंच झालं.

तुम्ही सकाळी चढलात, चार पावलं गेलात, मी मोजली. मग तुमचे आवाज लांब गेले. काका इथलेच आहेत, येतील, असं कुणीतरी म्हणालं तेही मला ऐकू आलं. राग आला, कशाला खोटं बोलू? चांगला तासभर आला. मग करंबळीची बायजा वरून उतरायला आली, माचीवर आपल्या लेकीला भेटून. तिने डोक्यावरची पाटी बाजूला ठेवली, पालथी पडली आणि मला वर घेतलं. मग मी वरून हात धरून तिला खाली सोडलं. बोलली नाही. करंबळीची माणसं त्या कड्यावर आमच्याशी आजही बोलत नाहीत. हात मात्र देतात.

तोंडं पाडू नका, तुम्हाला माहीत नव्हतं. आवरा आता, डबे भरा. उन्हं कलायच्या आत कडा उतरायला हवा. उतरताना पहिला मी असतो, कारण खाली कुणीतरी लागतंच. तुम्ही एकेक जण काठावरून पाय सोडा, खाली बघू नका. पायाला माझा खांदा लागेल. सहावा उतरेपर्यंत मी तिथून हलत नाही.