पोटुशीची वाट

फार जुनी गोष्ट आहे. खंड्या पक्ष्याला माणसांशी बोलायचा अजून कंटाळा आला नव्हता, तेव्हाची.

एका नदीकाठी भोयांची लहानशी वस्ती होती. वस्तीखाली खोल डोह होता आणि डोहात शिंगाळे राहायचे. शिंगाळा म्हणजे लांब मिशांचा, बिनखवल्यांचा, तळाशी दबा धरून बसणारा मासा. उन्हाळ्यात नदी आटली, बाकीची मासळी दिसेनाशी झाली, की वस्तीचं पोट या शिंगाळ्यांवर चालायचं.

पण त्या डोहातला शिंगाळा खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ. गळाला गांडूळ लावा, पिठाची गोळी लावा, तो मिशीसुद्धा हलवायचा नाही. त्याला लागायची चिंगळी, म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी. ती सापडायची वर्षातून एकदाच. भाद्रपदात पुराचं पाणी ओसरलं की चिंगळ्या झुंडीनं नदीतून ओढ्यात शिरायच्या आणि वरच्या गवताळ पाण्यात अंडी घालायला जायच्या. तेवढ्या दिवसांत त्या धरायच्या, माणसाला खाववणार नाहीत इतक्या मिठात मुरवायच्या आणि उन्हाळाभर आमिष म्हणून वापरायच्या.

धरायचीही एक रीत होती. ओढ्यात दगडांचा बांध घालायचा, वर वेळूची ताटी उभी करायची, पण काठाशी हातभर फट मोकळी ठेवायची. तिला म्हणायचे पोटुशीची वाट. गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी, पोट जड झालेली मादी मध्य धारेला जात नाही, काठाकाठानं सावकाश पोहते. ती त्या फटीतून निघून गेली, तर जाऊ द्यायची. म्हातारी माणसं सांगायची, "ओढा आपला, वाट तिची." असं का, हे कोणी विचारायचं नाही. खरं सांगायचं तर ते कोणाला धड ठाऊकही नव्हतं.

या वस्तीत गेनबा नावाचा भोई होता. चिंगळी मुरवावी तर त्यानंच. तो ती वाहत्या पाण्यात एकदाच धुवायचा, सावलीतल्या खडकावर सुकवायचा, मग मडक्यात एक थर मिठाचा, एक थर मासळीचा, असं भरून वर दगडाचं दडपण ठेवायचा. इतरांची चिंगळी गळावर लगदा होऊन सुटायची आणि शिंगाळा ती फुकटात खाऊन जायचा. गेनबाची मात्र चामड्यासारखी चिवट राहायची. याचा त्याला अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

पण आदल्या उन्हाळ्यात त्याची मडकी लवकर रिकामी झाली होती. दुसऱ्याच्या दारात मूठभर आमिष मागायला जावं लागलं, तेव्हा लोक हसले, "काय गेनबा, सुगरणीच्या घरात पीठ नाही?" लोक थट्टा करून विसरले. गेनबाच्या मनात ते सलत राहिलं.

त्या भाद्रपदात गौरींच्या सणाला सगळी वस्ती पलीकडच्या गावी गेली. ताटीच्या राखणीला गेनबा मागं राहिला. काठाकाठानं जाड पोटाच्या चिंगळ्या एकामागून एक वर चालल्या होत्या. गाबोळीची चिंगळी म्हणजे आमिषातलं लोणी. तिचा वास शिंगाळ्याला लांबून लागतो. गेनबा बराच वेळ बघत बसला. मग उठला आणि त्यानं फटीत टोपलं बसवलं.

खंड्या ताटीच्या खुंटावर येऊन बसला. "गेनबा, ही वाट कुणी बुजवली?"

"मीच. एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बापाचं काही नाही, माझं जातंय," खंड्या म्हणाला. "आणि तुझंही."

"तुला एक मासा मिळाला की तू उडून जातोस. साठवण म्हणजे काय, ते तुला काय कळणार?"

"नाहीच कळत बाबा," असं म्हणून खंड्या उडून गेला आणि त्या वर्षी पुन्हा ओढ्यावर दिसला नाही.

सण आटोपून वस्ती परत आली, तोवर चिंगळीची झुंड संपली होती आणि गेनबानं फटीतलं टोपलं काढून ठेवलं होतं. "औंदा मासळी कमीच आली," असं लोक म्हणाले. गेनबाची मडकी मात्र गळ्यापर्यंत भरलेली. तो ऐटीत म्हणाला, "काळजी करू नका. या वर्षी कोणाला आमिष कमी पडू देणार नाही." लोकांनी त्याला दुवा दिला. तो मनाचा वाईट नव्हता, एवढं ध्यानात ठेवा.

फाल्गुनात त्याची एकुलती लेक ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. गेनबानंच तिला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. चैत्र लागला आणि ठकूला मुलगी झाली. पण ठकू फार अशक्त झाली होती, अंगावर दूध उतरेना. बाळ दिवसभर रडायचं आणि रडून रडून गप्प व्हायचं. ते गप्प झालं की गेनबा उठून त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा.

सुईण म्हणाली, "गेनबा, पोरीला शिंगाळ्याचा रस्सा दे. दूध उतरंल. पर वेळ लावू नगंस, बाळात फार जीव उरला न्हाई."

"एवढंच ना?" गेनबा म्हणाला. "सबंध डोह ओढून आणंल एवढं आमिष हाय माझ्याकडं."

त्यानं सर्वांत उत्तम मडकं फोडलं, गळांना गाबोळीची चिंगळी लावली आणि डोहात दोऱ्या सोडल्या. सकाळ गेली, दुपार गेली. एकही दोरी हलली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. बाकीचे भोईही आपापल्या दोऱ्या गुंडाळून हात हलवत घरी परतले.

तेवढ्यात खंड्या डोहावरून जाताना दिसला. गेनबानं हाक मारली, "अरे थांब! शिंगाळे कुठं गेले?"

"खाली गेले, पोटामागं. दर हिवाळ्यात ओढ्यातून चिंगळीची पिल्लं डोहात उतरतात, त्यांच्यावर शिंगाळे जगतात. औंदा पिल्लंच उतरली नाहीत."

"पण ही बघ, माझ्याकडं मडकीच्या मडकी आहेत!" गेनबा मुठी भरभरून चिंगळी डोहात फेकू लागला. ती पाण्यात सरळ बुडाली.

खंड्याचा आवाज मऊ झाला. "खारवलेल्या मासळीला पिल्लं होत नाहीत, गेनबा."

गेनबा खालीच बसला. त्याला रडू आलं. मग घरातल्या बाळाची आठवण झाली तसा तो उठला, एक भरलेलं मडकं डोक्यावर घेतलं आणि नदीच्या काठानं खाली चालत निघाला.

खालच्या अंगाला भोयांचीच दुसरी वस्ती होती. तिथं एक म्हातारी जाळं विणत बसली होती. "पाव्हणं, मडक्यात काय हाय?"

"मुरवलेली चिंगळी. ही समदी घ्या, पर मला एक शिंगाळा द्या. लेक बाळंत झालीय. तिला दूध न्हाई."

म्हातारीनं जाळं बाजूला ठेवलं. पाण्यात बांधून ठेवलेला एक जिवंत शिंगाळा काढला, ओल्या पानांत गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. मडकं मात्र परत सरकवलं.

"हे ऱ्हाऊ द्या. बाळंतिणीच्या घासाचा मोबदला घेत न्हाईत. आमच्यात पोटुशीची आन् बाळंतिणीची वाट कुणी अडवत न्हाई, बाबा. तुमच्यातबी तीच रीत आसंल की."

गेनबाला मान वर करता आली नाही. तो "व्हय" म्हणाला आणि माघारी वळला.

ठकू रस्सा प्यायली. शिंगाळा मोठा होता, तो काही दिवस पुरला. हळूहळू दूध उतरलं आणि बाळ पोटभर पिऊन झोपलं. त्या दिवशी गेनबानं वस्तीला गोळा करून टोपल्याची हकिकत सांगितली. कोणी शिव्या दिल्या, कोणी तोंड फिरवलं. तो उन्हाळा वस्तीनं कंदमुळांवर काढला. मडकी भरलेली होती आणि चुली थंड होत्या.

पुन्हा भाद्रपद आला. गौरींच्या सणाला वस्ती गावी निघाली, तेव्हा गेनबा म्हणाला, "राखणीला मीच ऱ्हातो." लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मग सुईण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्याला."

गेनबा फटीपाशी गुडघाभर पाण्यात उभा राहिला. बांधाचे आणखी दोन दगड त्यानं काढून टाकले. थोड्या वेळानं जड पोटाची एक चिंगळी काठाकाठानं आली आणि त्याच्या पायाशी अडखळली. त्यानं पाय बाजूला घेतला. ती सावकाश वर निघून गेली. खुंटावर खंड्या येऊन बसला होता.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: साठवलेलं सरतं, सोडलेलं वाढतं.