कासाराची हाक

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता, हे आता कुणाच्या ध्यानात नाही. पण घाटाखालच्या एका बाजारपेठेत लिंबाजी नावाचा कासार राहत होता, एवढं मात्र पक्कं. खाली बांगड्यांचं दुकान, वर राहतं घर, आणि दोहोंच्या मध्ये दगडी जिना. जिना उभा आणि अरुंद. पिढ्यान् पिढ्या पाय घासून पायऱ्या इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या, की जाणता माणूसही भिंतीला हात लावूनच उतरायचा.

लिंबाजीला दोन मुली. थोरली अंबू, धाकटी सगुणा. त्या लहान होत्या तेव्हा तो गावोगाव बांगड्या भरून दिवेलागणीला घरी यायचा, आणि जिन्याखाली उभा राहून मोठ्याने विचारायचा, "कोण आहे का घरात?" की वरून हसण्याचा, पैंजणांचा नुसता कल्लोळ. पाठीवरचं ओझं उतरवायच्या आत दोघी त्याच्या गळ्यात पडलेल्या असायच्या.

मग मुली मोठ्या झाल्या. सासरी गेल्या. घरात तो आणि त्याची बायको राही, दोघंच उरली. लिंबाजी संध्याकाळी यायचा, गुपचूप जिना चढायचा, हातपाय धुऊन जेवायला बसायचा. विचारायचं तरी कुणाला, कोण आहे म्हणून?

एकदा एका बाजारातून एक ठिपक्यांची कुत्री त्याच्या मागे मागे आली, ती राहिलीच. राहीने तिला भाकरी घातली. पुढे त्या कुत्रीने माडीवर, बांगड्या बांधायच्या पेंढ्यात, तीन पिल्लं घातली. पिल्लांचे डोळे उघडले. पायांत बळ आलं. घरभर लुटुलुटु फिरू लागली.

एका संध्याकाळी लिंबाजी परत आला, आणि का कोण जाणे, जिन्याखाली थांबला. सहज तोंडातून निघून गेलं, "कोण आहे का घरात?"

वर एकच धांदल उडाली. तीन चिमुकली तोंडं जिन्याच्या टोकाशी आली आणि कुईकुई करू लागली. त्या दिवसापासून लिंबाजी रोज हाक मारू लागला. वाटेत कुठे रेंगाळेना. दिवस कलला की त्याची पावलं आपसूक घराकडे वळायची.

राही मात्र धास्तावली. ती म्हणाली, "अहो, खालून हाका मारू नका. पिल्लांना उतरायचं कळत नाही अजून. जिन्याच्या तोंडाशी काहीतरी आडवं लावून द्या आधी."

"लावतो गं," लिंबाजी म्हणाला. "पण कुत्र्याची जात आहे ती. आपोआप शिकतील."

"शिकतील तेव्हा शिकतील. आज त्यांचे पाय केवढे आणि पायरी केवढी!"

"इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या हाकेला धावतंय, राही. तेवढं तरी राहू दे."

त्यानंतर संध्याकाळ झाली, की राही पिल्लांना टोपलीखाली झाकून ठेवायची आणि लिंबाजी जिना चढून आला, की सोडायची. पण एके दिवशी ती विहिरीवर गेली आणि तिथे तिला उशीर झाला. नेमका त्याच दिवशी लिंबाजी लवकर परतला. त्याने नेहमीसारखी हाक मारली.

तांबूस रंगाचं सगळ्यांत धाकटं पिल्लू सर्वांच्या पुढे धावलं. ते टोकाशी थांबलंच नाही. त्याने खाली पाहिलं ते फक्त लिंबाजीकडे. पायरीकडे त्याचं लक्षच नव्हतं.

लिंबाजीने पाठीवरचं ओझं भिरकावलं आणि तो वर झेपावला. बांगड्या खळकन फुटल्या. पण तो पोहोचेपर्यंत पिल्लू आपटत, कोलमडत अर्ध्या जिन्यापर्यंत आलं होतं. त्याने ते ओंजळीत उचललं. त्याचा पुढचा पाय लोंबत होता. आणि एवढं होऊनही ते वेडं पिल्लू त्याचा अंगठा चाटत होतं.

शेजारच्या आळीत एक म्हातारा धनगर राहायचा. कोकरांची मोडलेली हाडं तो बसवत असे. त्याने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि सांगितलं, "हाड कोवळं आहे, जुळून येईल. पण पाय थोडा आखूड राहील, कासारा."

घरी आल्यावर लिंबाजी पिल्लाला मांडीवर घेऊन बसून राहिला. मग म्हणाला, "अंबू आणि सगुणा याच जिन्यावरून धावत यायच्या. त्या कधी पडल्या नाहीत."

राहीने त्याच्याकडे पाहिलं. "धावत यायच्या? तुम्हाला हाका मारायची घाई, वर अंधार. तुम्हाला मी दिसत नव्हते. एकीला काखेत आणि दुसरीला परकराला धरून, मी बसत बसत एकेक पायरी उतरायचे. शेवटच्या दोन पायऱ्या उरल्या, की मग सोडायचे त्यांना."

इतकी वर्षं जे सुख लिंबाजीने मनात जपून ठेवलं होतं, त्यातला बायकोचा हात त्याला आज पहिल्यांदा दिसला.

दुसऱ्या दिवशी तो बाजाराला गेला नाही. त्याने बांबू चिरून दोन ताट्या विणल्या. एक जिन्याच्या वरच्या तोंडाशी बसवली. दुसरी खालच्या, कारण पिल्लू खेळता खेळता वर चढून जातं आणि मग त्याला उतरता येत नाही. गुळगुळीत पायऱ्यांवर त्याने गोणपाट अंथरलं. आणि त्यानंतर तो संध्याकाळी घरी आला, की आवाज न करता जिना चढायचा, ताटी ओलांडायचा, भुईवर बैठक मारायचा आणि मगच विचारायचा, "कोण आहे का घरात?" पिल्लं सपाट जमिनीवरून धावत येऊन त्याच्या अंगावर चढायची. राही चुलीपाशी बसून हसायची.

पिल्लांचे पाय लांब झाले, तसा तो त्यांना शिकवायला लागला. आधी सगळ्यांत खालची पायरी. तिच्यावर पिल्लू ठेवायचं, पोटाखाली हात धरायचा, समोर भाकरीचा तुकडा दाखवायचा. एक पायरी जमली, की दुसरी. घाई नाही आणि रागावणं नाही. थोरली दोघं लवकर तरबेज झाली.

तांबूस पिल्लाला मात्र वेळ लागला. पाय बरा झाला, पण भीती बसली ती बसलीच. पुढे ते मोठं झालं, लिंबाजीबरोबर लंगडत लंगडत बाजारांना जाऊ लागलं. आडरानात लांडग्यावर भुंकायलाही ते भ्यायचं नाही. पण रोज सकाळी घरून निघताना जिन्याच्या टोकाशी ते थबकायचं आणि लिंबाजीकडे पाहायचं. लिंबाजी खांद्यावर ओझं असतानाही खाली बसायचा, त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, आणि ते पहिलं पाऊल टाकेपर्यंत वाट बघायचा. बाजाराला कितीही उशीर होत असला, तरी त्याने त्याला खालून कधी हाक मारली नाही.

तात्पर्य: ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला हाक मारण्याआधी त्याची वाट सांभाळावी.