बिनभिंतींच्या पोकळ्या

“चूक दाखवा, नाहीतर सही करा!” हेरंब म्हणाला.

भर दुपारी, गुरूच्या ओसरीवर, एवढ्या वरच्या पट्टीत! मी त्याच्याबरोबरचाच विद्यार्थी, पण माझी नसती छाती झाली.

तात्या बर्वे आमचे गणिताचे गुरू. हेरंबने सात वर्षं खपून प्रबंध लिहिला होता. विषय असा: आकार फिरवला की त्यातल्या पोकळ्या आपसांत जागा बदलतात. हेरंबचं म्हणणं, जागा बदलण्याचा कोणताही नियम द्या, बरोबर तेवढ्याच पोकळ्यांचं घर, म्हणजे तसा आकार, मी बांधून देतो. तात्यांची सही मिळाली नसती, तर सातही वर्षं पाण्यात गेली असती.

तात्या कागद बघत नसत. त्यांनी बांबूच्या कामट्या आणि सुतळी पुढे सरकवली आणि दोन फेऱ्यांचा, म्हणजे दोन तऱ्हांनी फिरवण्याचा, एक नियम सांगितला.

“पहिल्या फेऱ्यापुरतं घर बांध.”

बांधलं.

“आता दुसऱ्यापुरतं.”

तेही बांधलं. “हातचा मळ आहे, तात्या!”

“आता दोन्ही फेरे एकाच घरात.”

हेरंबने बांधलं, सोडलं, परत बांधलं. दर वेळी एक पोकळी जास्तीची उरायची. कामट्या मोडल्या, बोट चिरलं.

तात्यांनी त्याच्या हातातला सांगाडा काढून घेतला.

“आता फिरव.”

“काय फिरवू? हात रिकामे आहेत!”

“फिरव म्हटलं ना.”

त्याने चिडून रिकामे हात फिरवले... आणि पांढराफटक पडला.

“तात्या, बोटांमधून गार काहीतरी सरकतंय. पहिला फेरा बरोबर... दुसराही बरोबर... जास्तीची एकही नाही. अहो, पण भिंती कुठायत?”

तात्यांनी सांगाडा बाजूला ठेवला.

“मी हात थांबवलेत. हे अजून फिरतंय...”

ते माझ्या मानेजवळूनही गेलं. खोटं कशाला सांगू, मी चक्क रामरक्षा म्हणायला लागलो.

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. “सात वर्षं, तात्या...” एवढंच म्हणाला. मग त्याने प्रबंधातला ‘कोणताही’ हा शब्द खोडला. तात्यांनी लगेच सही केली.

हेरंबने हळूच विचारलं, “पण घरच नाही, तर ह्या पोकळ्या राहतात कुठे?”

तात्या उठले.

“जेवायला चल. आणि उंबरा ओलांडताना मागे वळून ‘या’ म्हणू नकोस.”