रोज हरणारा काजळ्या

बैल बोलत असत आणि माणसं ऐकून घेत असत, त्या काळची गोष्ट. शर्यतीच्या बैलांच्या दावणीला काजळ्या नावाचा एक राखीव बैल होता. शर्यतीत पळायचा तो वादळ्या; त्याचा पाय मुरगळला, तरच काजळ्याला मैदानात उतरवायचं, असं ठरलेलं. तीन वर्षांत वादळ्याचा पाय काही मुरगळला नाही.

जत्रेत बांड्या काजळ्यासमोर येऊन फुरफुरला. बांड्या नांगराचा बैल, पण पंचक्रोशीत त्याच्यापुढे कुणी पळालं नव्हतं.

"फुकटची पेंड खातोस होय रे? तुझ्या जागी मी हवा होतो!"

काजळ्याने हिसका देऊन दावं तोडलं. "चल, ओढ्यापर्यंत."

बांड्या जीव तोडून पळाला. धापा टाकत ओढ्यावर पोचला, तेव्हा काजळ्याचं पाणी पिऊनही झालं होतं.

"एवढा पळतोस," बांड्या मान खाली घालून म्हणाला, "मग तुला बसवून का ठेवतात?"

"कारण रोज पहाटे वादळ्याबरोबर पळतो आणि रोज शिंगभर मागे राहतो." काजळ्याने शिंगं उंचावली. "तीन वर्षं हरतोय मी. पण वादळ्याकडून! उद्या पुन्हा हरायला जाणार आहे. येतोस?"